परसातली वाट

— तिथं नका उभं राहू, ऊन लागेल, हितं कट्ट्यावर बसा की. टेप राहू दे बाजूला. एवढी आठ फुटी भिंत, ती काय पळून जातीय? तुम्ही सर्व्हे ऑफिसातून आलाय ते मला मघाशीच कळलं — स्टॉपवर उतरून 'जोतिबा अवर मनी यल्ली' म्हणून त्यांचं घर विचारत होता ना, मी मागंच होते, गिरणीतनं दळण घेऊन. नागुबाईनं अर्ज दिलाय वाटेसाठी, त्याची मोजणी. बरोबर? बघा. आणि मराठी येतंय म्हणताय तर फारच बरं. कन्नड मी दिवसभर बोलते ओ, भाजीवालीशी भांडते ती कन्नडातच, पण अक्षर म्हणाल तर एक ओळखत नाही. शाळा मराठी, तीसुद्धा सातवीपर्यंत. पुढं सांगते तेव्हा हे ध्यानात ठेवा.

तर ऐका. पुढं ही धारवाडची सडक. सडकेला लागून सुमंत वकिलाची जागा — धारवाडात मळमड्डीत राहतात ते, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. मागं जोतिबा अण्णा आणि नागुबाईचं घर. बाजूला मी, एकटी. आणि वकिलाच्या जागेच्या कडेनं गाडीवाट होती, सडकेपासून थेट नागुबाईच्या दारापर्यंत आणि पुढं शेताकडं. होती का नव्हती काय विचारता? शीगी पुनवेला, म्हणजे कोजागिरीला, अख्खा गाव गाड्या जुंपून ह्याच वाटेनं शेतात चरग, नैवेद्य, शिंपायला जायचा, पुरणाच्या बुट्ट्या घेऊन! लग्न होऊन आले तेव्हा मीही बसून गेलेय. मग मागच्या वर्षी वकिलानं प्लॉट पाडायचे काढले आणि भिंत घातली. म्हणाले, ही आमची खाजगी जागा, वाट कधी नव्हतीच. नागुबाई गेली बिचारी भांडायला, तर म्हणतात, तुम्हाला इतकी वर्षं जाऊ दिलं हेच आमचं चुकलं. 'तुम्हाला' म्हणजे काय ते तिला कळलं. मलाही कळलं. तुम्हालाही कळलंच असेल.

आता कुठनं जातात? ह्या इथनं. माझ्या परसातनं. न्हाणीच्या मागनं, शेवग्याखालनं, ह्या दारावरनं सडकेला. माणूस अंग चोरून जाईल एवढी जागा. जोतिबा अण्णांना अर्धांग झालाय — रेल्वे वर्कशॉपात आयुष्य गेलं त्यांचं, केवढा धिप्पाड माणूस! आठवड्यातनं दोनदा हुबळीला दवाखान्यात न्यायचं. रिक्षा सडकेवर थांबणार. मग यशपाल, त्यांचा मुलगा, पाठीवर घेऊन येतो हितनं. परवा शेवग्याच्या मुळात पाय अडकला त्याचा आणि दोघं पडले. अण्णांच्या कपाळाला सहा टाके. पडल्या पडल्या मलाच म्हणतात, गोदक्का, तुमची आळवाची पानं चेंगरली बघा. असा माणूस.

काय? तो कागद? आहे तुमच्या फायलीत? — आणा बघू. हो. ती खालची सही माझीच. महजर म्हणतात त्याला — जागेवर उभं राहून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय खरं ते लिहून द्यायचं. मी म्हटलं ना, कन्नड वाचता येत नाही. वकील कागद घेऊन आले, इथं करा म्हणाले, केली मराठीत सही. त्यात 'वाट नव्हती' म्हणून लिहिलंय हे मला काय माहीत? असंच लिहा तुम्ही. अडाणी बाई, वाचता येत नव्हतं. झालं.

...असं बघू नका ओ. वाचून कुणी दाखवला नाही का? दाखवला. सुमंतनंच दाखवला, नीट, सावकाश, हा इथंच बसून. 'दारी इरलिल्ला.' वाट नव्हती. वाचता येत नाही, कान आहेत मला. कळलं. कळून केली सही.

नाही, काही घेतलं नाही त्यांच्याकडनं! चहासुद्धा माझाच प्याले. आणि नागुबाईशी भांडणही नव्हतं. तेच तर. तिच्या वाटेवरनं ती यायची-जायची, मला लांबनं नुसती पदराची कड दिसायची. हाक मारली तर 'घाईत हाय गं' म्हणायची. मुलगा माझा बेंगळूरला, फोन आला तर आला. सही करताना मनात आलं — वाट बंद झाली तर माझ्याच परसातनं जावं लागेल की सगळ्यांना. रोज. दारावरनं. कुठं चाललीस, काय आणलंस, सून काय म्हणते. मी काय अडवणार होते? उलट रस्ता देणार होते! हेच वाटलं, साहेब, देवाशपथ — वाट घेत नाहीय, देतेय. त्यांच्या दारात रिक्षा जायची, ते डोक्यातच आलं नाही. अण्णा तेव्हा धडधाकट होते.

आणि झालंही तसंच. वर्षभर येते ती. पिशवी टेकवते, अर्धा कप घेते, अण्णांचं सांगते, रडते, हसते. आणि दर खेपेला उठताना म्हणते, गोदक्का, तू होतीस म्हणून. दमले मी ते ऐकून. खरंच दमले.

तर लिहा आता. गोदूबाई, नवऱ्याचं नाव गोविंदराव, वय अठ्ठावन्न. गाडीवाट होती, बैलगाडी जाईल एवढी रुंद, मी स्वतः गाडीतनं गेलेय. आधी समजून-उमजून खोट्यावर सही केली, कुणी फसवलं नाही. — हो, तेही लिहा. वकील काय करायचं ते करू दे. वाचून दाखवा. ...हं. द्या पेन.

हे नागुबाईला वाचून दाखवावं लागेल? अर्जदार म्हणून, आजच? लागतंच ना. मग एक करा. पलीकडनं, नाल्याच्या बाजूनं मोजायला सुरुवात करा. अण्णांची औषधं घेऊन ती येईलच एवढ्यात. एवढ्या एका खेपेला बसू दे तिला माझ्याकडं. मग जा तिच्या घरी, वाचा.

उठा, उठा की ओ. फाटक वाजलं.