डबीतले पराग

— नाही हो भाऊ, फ्रीज नीट बघा ना, एवढ्यात हत्यारांची पिशवी काय भरताय? हळू बोला मात्र, आतल्या खोलीत आमचे हे पडलेत. जन्मभर मागच्या टेकडीवर माळीकाम केलं त्यांनी, एका झाडापायी. ते झाड जगात दुसरीकडे कुठे उगवतच नाही — कितीदा लावून बघितलं, नाही म्हणजे नाही. शेवटी दोनच उरली, एक नर, एक मादी. नर गेल्या वादळात पडला. ह्यांनी भर पावसात त्याच्या फुलांचे पराग झाडून आणले, ते ह्या डबीत. बर्फाच्या कप्प्यात ठेवले. आता मादीला फुलं आलीत, उद्या माणसं शिडी घेऊन येणार, ब्रशने पराग लावणार. तोवर मी त्या कप्प्याला हात लावायचा नाही — घरात सवत आणून बसवली नुसती.

काय म्हणालात? बिघाडच नाही? कसा असेल, मीच तर — जाऊ दे, सांगते. काल संध्याकाळी ह्यांचा श्वास कोंडला, आणि नेमका आतला बोर्ड जळाला. ऑक्सिजनचं मशीन लावायचं कुठे? इथेच. ओढली फ्रीजची पिन. विचार केला का? नाही केला. ओठ निळे पडले होते हो त्यांचे. मग पाय चोळत बसले ती बसलेच, फ्रीज पार डोक्यातून गेला. सकाळी बघते तर खाली थारोळं, डबीत पाणी, परागांचा नुसता चिखल. हे विचारतात, फ्रीजचा आवाज का येत नाही? म्हटलं, बिघडला, माणूस बोलावलाय.

तर तुम्ही तेवढंच आत जाऊन सांगा — आपोआप बंद पडला म्हणून. त्यांनी मला बजावलं होतं, "माझं काही होवो, त्याची पिन काढायची नाही." आणि मी त्यांच्यासाठीच ती काढली. हे कळलं तर पुन्हा मास्क तोंडाला लावू द्यायचे नाहीत, मी ओळखते ना त्यांना. झाड तर गेलंच, भाऊ. मला निदान हे तरी राहू देत.

मान का हलवताय? खोटं बोलवत नाही? बरं. नका बोलू. मी सांगेन काय ते. पण असे गुपचूप जाऊ नका — तो पाना घ्या, आणि मागच्या बाजूला दोनदा जोरात ठोका. त्यांना ऐकू जाईल असं.

ठोका ना.