सहाव्या पायरीवरचं लग्न

"घ्या गं बायांनो बांगडे! ताजे, फडफडीत बांगडे!"

मंडळी, ही हाक लिओनच्या कानात चाळीस वर्षं राहिली होती. कोण हा लिओन? दूर कॉन्स्टँटिनोपल शहर, तिथल्या बादशहाचा कारभारी! बादशहा लाल शाईनं सही करायचा, आणि त्या शाईची सोन्याची दौत सांभाळायचा हा. आणि हाक? त्याच्या आईची. बंदरावर मासळी विकायची ती — इरिनी.

मग मला सांगा, लेक मोठा झाला की आई लहान होते का हो?

समिंदराच्या काठी। माय उभी पाटीपाशी।
लेक राजाच्या उशाशी। ओळख देईना॥

दरबारात घराणं लागतं! लिओननं वंशावळीत लिहून टाकलं — आई मेलिनोस घराण्याची थोरली मुलगी, केव्हाच वारली. आणि जिवंत आई? ती घरातच होती, लेकीची दाई म्हणून! नात थेक्ला तिच्याच मांडीवर वाढली, तिला 'दाई' म्हणत. हसता काय? आपल्याकडे पत्रिका बदलणारे नाहीत?

थेक्लाचं लग्न ठरलं रोमानोसशी. दोघांचा जीव जडलेला. पण तिकडची चाल अशी, की लग्नाआधी धर्मगुरू नाती मोजणार. सात पायऱ्यांच्या आत रक्त जुळलं, की लग्न नाही!

देवळात सगळे जमले. मोजता मोजता धर्मगुरूचं बोट थांबलं. "मुलाची आजी मेलिनोसांची धाकटी. मुलीची आजी थोरली. सख्ख्या बहिणी! पणज्यापर्यंत वर तीन पायऱ्या, खाली तीन. ही तर सहावी पायरी. लग्न होणार नाही."

खोट्या रक्तानं खरं लग्न मोडलं, मंडळी!

"बाबा," थेक्ला म्हणाली, "काहीतरी बोला ना!"

काय बोलणार? खरं बोलावं तर दौत जाते. गप्प बसावं तर लेकीचा संसार जातो.

मागून दाई हळूच पुटपुटली, "लिओना, सांग, आई कुणी मासळीवाली होती, ती मेली म्हणून. माझ्याकडे बघू नकोस. मी दाईच बरी."

आता तुम्ही बोला! पाहुणे आले की तुमच्या घरात कुणाला आत जायला सांगता? कुणाची ओळख करून द्यायची राहून जाते? माना खाली का गेल्या?

लिओन उठला. कमरेची दौत सोडून त्यानं धर्मगुरूपुढे ठेवली. मागे गेला, दाईचा हात धरला. बोटांवर सुरीचे जुने वण होते.

"माझी आई मेलिनोस नाही," तो म्हणाला. "आणि ही दाई नाही. थेक्ला, पाया पड. ही माझी आई."