सगळ्यांत लांबचा आवाज

मंडळी, आज एकच विचारतो — शांती शिकवता येते का हो? पोहणं शिकवता येतं, पुरणपोळी शिकवता येते... पण शांती? पुढं बसलेले आबा मान डोलावतायत! डोलावतायत कसले, डोळा लागलाय त्यांचा! झोपू द्या.

तर ऐका! एका विद्यापीठात शांती-शिक्षणाचा वर्ग निघाला. पोरं आली. शांतीसाठी? छे! पास होणं सोपं म्हणून! त्यातलाच अभय गायधनी. हुशार, पण राग नाकावर! वसतिगृहात त्याच्या खोलीत दशरथ पावरा — त्याच वर्गातला, सातपुड्यातला, अबोल. भांडण कशावरून? पंख्यावरून! हा लावायचा, तो बंद करायचा! शेवटी अभय रेक्टरांकडे गेला — "याला काढाच!" झालं! रेक्टरांचा हुकूम निघाला — संध्याकाळपर्यंत दशरथनं वसतिगृहच सोडायचं. शहरात ना नातलग, ना भाड्याची ऐपत. शिक्षणच संपलं की हो पोराचं!

त्याच दुपारी वर्ग भरला, कडुनिंबाखाली. बाई म्हणाल्या, "डोळे मिटा. सगळ्यांत लांबचा आवाज ऐका."

अहाहा! पानं सळसळली... लांब कुणी धुणं आपटत होतं... त्याच्याही पलीकडं रेल्वेची शिटी, विरत गेलेली... अभय हलका हलका झाला, झोपेत पाण्यावर तरंगावं तसा. आणि त्या तंद्रीत एक बारीक शीळ! पक्षी? नाही. वारा? नाही. श्वासाबरोबर येते, श्वासाबरोबर जाते... डोळे उघडले — शेजारी दशरथ! त्याची छाती वाजत होती.

"दशरथ, दमा आहे तुला?"

"हो. पंख्याखाली वाढतो."

"अरे, मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. तू ओरडत होतास."

मंडळी, अभयला रडू कोसळलं! तसाच धावला रेक्टरांकडे — "सर, चूक माझी! काढायचं तर मला काढा!" रेक्टर कसले काढतात! दशरथ राहिला. उकडायला लागलं की अभय मुकाट्यानं गच्चीवर जायचा.

आता सांगा, बाईंनी काय शिकवलं? नुसतं ऐकायला! आणि आपण? सून काही सांगते, म्हातारा बाप काही सांगतो — लगेच आपला आवाज वर! अहो, त्या देवाकडे बघा! जन्मभर आपण गाऱ्हाणी घालतो. एकदा तरी मध्येच तोंड घातलंय त्यानं?

मंडळी, आता घरी जा. दारात जो कुणी बोलायला लागेल, त्याचं सगळं ऐकून घ्या. ताट मागाहून मागा!