हाजरा-गिन्नीचं पुस्तक आणि तीन जाणकार

…आणि वर मलाच म्हणतात, "पुस्तक तुमचंच आहे, अनादिदा!" अरे, माझंच आहे तर माझी आई कुठंय त्यात? नाही नाही, तुम्ही बसा, ओट्यावर जागा आहे, त्या कुत्र्याला जरा सरकवा, तो काही करत नाही, अख्ख्या अहिरीटोल्यात माझं शेवटपर्यंत ऐकून घेणारा तेवढा एकच उरलाय.

तुम्हाला सांगतो, माझी आई म्हणजे काय चीज! वडील गेले तेव्हा घरात होतं काय, तर पितळेची पातेली आणि मी. दुसरी एखादी कपाळाला हात लावून बसली असती. हिनं पुढच्या खोलीत केळीची पानं मांडली आणि भाताची खानावळ काढली! घाटावरचे हमाल, छापखान्यातले कामगार, कोर्टातले कारकून, सगळे मांडीला मांडी लावून जेवायचे आणि सगळे शिव्या खायचे. "ए उंटा, भात टाकतोस? बापानं शेत ठेवलंय का?" "मान खाली घाल आणि गीळ, बातम्या बायकोला सांग!" आणि एखाद्या दिवशी ती कुणाला काहीच बोलली नाही, तर तो बिचारा घाबरून विचारायचा, "मासीमा, माझं काही चुकलं का?" सगळी गल्ली तिला हाजरा-गिन्नी, म्हणजे हाजरांची मालकीणबाई, म्हणते, अजूनही, तेही जरा हळू आवाजात.

आता ती शहाऐंशीची आहे. डोळे गेले, कान जायच्या बेतात आहेत. मागच्या हिवाळ्यात म्हणाली, "खोका…" बासष्टीचा घोडा झालो तरी मी खोकाच, म्हणजे बाळच! "खोका, या गल्लीत जो तो कुणाकुणावर पुस्तकं लिहितो. तू माझ्यावर लिही. ऐकू येतंय तोवर वाचून दाखव." जन्मभर लोकांच्या विजेचे मीटर वाचलेला माणूस मी, पण बसलो आणि लिहिलं. पहिलंच वाक्य होतं, "माझ्या आईनं ज्याला शिवी दिली नाही, तो उपाशीच उठला असं समजा." संध्याकाळी गप्पांच्या अड्ड्यावर वाचून दाखवलं. मंडळी हसली, हसली आणि मग चेहरे लांब करून म्हणाली, "अनादि, हे बोलल्यासारखं झालंय रे. जरा लिहिल्यासारखं करून घे. जाणकार माणूस धर." धरला! इथंच माझी अक्कल शेण खायला गेली.

पहिले संपादक. सुकमल चाकलादार, निवृत्त प्राध्यापक, खांद्याला झोळी, चहा बिनदुधाचा आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्यानंतर खिडकीबाहेर बघायचं. लाल पेन्सिल काढली आणि म्हणाले, "आई… फार ओरडते हो तुमची." म्हटलं, "ओरडायचीच, सर." "हो, पण साहित्यात कशाला?" अहो, साहित्यात कशाला म्हणजे? त्यांनी पहिलं वाक्य उडवलं, मग शिव्या उडवल्या, आणि शिव्या गेल्यावर माझ्या आईच्या बोलण्यात उरतं काय? जांभई! तर तिथं त्यांनी स्वतःचं घातलं. ज्याला ती "ए उंटा" म्हणाली, त्याला आता म्हणते, "वत्सा, अन्नाचा असा अवमान करू नये!" वत्सा! घाटावरच्या हमालाला! मी जरा कुरकुरलो तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी फक्त धूळ झटकली. पुस्तक तुमचंच आहे."

बरं, धूळ झटकल्यावर राहिलं मूठभर. मग कुणी म्हणालं, भर घालायला लेखक ठेव, दुसऱ्याच्या नावानं लिहून देतात, त्यांना घोस्ट रायटर म्हणतात. मी आईला सांगितलं, "मा, उद्या एक भूत येणार आहे लिहायला." ती म्हणाली, "येऊ दे, पण मासे झाकून ठेव, भुतांचा जीव माशांवर." आणि तुम्हाला सांगतो, खरं बोलली! हा देबदीप गुहठाकुरता रोज बरोबर जेवायच्या वेळेला हजर. आईशी गप्पा मारायच्या सोडून माझ्या पानातलं माशाचं डोकं मारायचा. आई आतून ओरडायची, "खोका, मासे खाणारं भूत गेलं का रे?"

आणि लिहिलं काय त्यानं? हा बांगाल, सीमेपलीकडच्या, पद्मा नदीपारच्या घराण्यातला, आणि आम्ही सात पिढ्यांचे घोटी, याच शहरातले. आईचं माहेर शोभाबाजार, सासर अहिरीटोला, मधे चालायचं तेवढंच, हावडा पूल ओलांडला तरी ही म्हणते, "परमुलखात जीव घाबरतो." तिला यानं तिकडे पद्मेपार बरिशालमध्ये जन्माला घातलं! तळं घातलं, सुपारीची बाग घातली, होडीत बसवून सीमेपलीकडून रडत रडत आणली! मी म्हटलं, "अरे बाबा, ती कुठून आलीच नाही, ती इथंच होती!" तर म्हणतो कसा, "दादा, फाळणीशिवाय बंगाली आई कोण वाचतो?"

ते सुद्धा गिळलं मी. पण पुढं वाचतो तर काय, सामना! आमचं मोहन बागान फुटबॉलमध्ये हरलं की आई चूल पेटवायची नाही, खानावळीला कुलूप, अख्खी पंगत मुरमुऱ्यांवर. जिंकलं की मोठी कोळंबी, तीही नारळाच्या दुधात. आणि या भुतानं लिहिलंय, मोहन बागान हरल्याची बातमी आली आणि आईनं आनंदानं अंगण सारवून इलिश रांधला. इलिश! बांगालांचा संघ जिंकला की ते रांधतात तो मासा! आमच्या चुलीवर! मी ओरडलो, "हे खोड!" तर सुपारी चघळत म्हणाला, "भावनेच्या भरात आलंय, दादा, काढू नका. आणि घाबरता काय? पुस्तक तुमचंच आहे!"

मग तिसरी आली, तियाशा मॅडम. ती लिहीत नाही हां, ती लिहायला शिकवते, तेही फोनच्या पडद्यावरून. "डोळे मिटा, अनादिदा. श्वास सोडा. आईचा घाव कुठं दिसतो?" म्हटलं, "डाव्या अंगठ्यावर. विळीवर चिरला होता." "तो नाही… आतला!" "आतला म्हणजे पित्ताच्या खड्यांचं म्हणताय का?" मॅडमनीच मग डोळे मिटले. म्हणाल्या, "आईला विचारा, तिला आयुष्याकडून काय हवंय." गेलो, आईच्या कानाशी तोंड नेलं, "मा, तुला काय हवंय गं?" "पंखा बारीक कर!" हे मी जसंच्या तसं कळवलं, तर मॅडम गहिवरल्या. शेवटच्या प्रकरणात त्यांनी माझ्याच हातून माझ्या आईला घाटावर नेलं, हातात दिवा दिला आणि सगळ्या जगाला माफ करायला लावलं. माझ्या आईला! अहो, ज्या मासेवाल्यानं तिला एकदा शिळा चितळ मासा दिला त्याला तिनं अजून माफ केलं नाही, आणि तो मरून गेलाय! पण मॅडम म्हणाल्या, "विश्वास ठेवा. पुस्तक तुमचंच आहे."

तुम्ही म्हणाल, अनादि, तुला तोंड नव्हतं? होतं हो. पण तिघंही शिकलेले आणि मी मीटर वाचणारा. आणि इकडे आईचा कान दिवसेंदिवस जड होत होता. भांडत बसलो असतो तर ऐकायला कोण राहिलं असतं? दिलं छापायला.

पुस्तक आलं आणि त्याच दुपारी आईच्या कानाशी बसून पहिल्यापासून वाचलं. घसा बसला. ती गप्प. वत्सा आला, गप्प. होडी आली, तिनं पदर डोळ्याला लावला. मी म्हटलं, जिंकलं! शेवटचा दिवा सोडला, पुस्तक मिटलं. आई सुस्कारा टाकून म्हणाली, "बिचारी. किती सोसलं, पण तोंडातून वाईट शब्द नाही. फक्त खानावळ कशी चालवली कोण जाणे, असल्या बाईला गिऱ्हाइकं पानासकट खातील. बरं, आता माझं वाच."

"मा," म्हटलं, "ती तूच आहेस."

"मी?" ताडकन उठून बसली हो! "मी इलिश रांधला? मोहन बागान हरल्यावर? ए उंटा! ए जळक्या माकडा! तुला याच दिवसासाठी भात घातला का रे?" अशी सुटली, अशी सुटली, की समोरच्या खिडक्या उघडल्या. आणि माझे डोळे भरून आले, काय सांगू, त्या लाल पेन्सिलीनं खोडलेलं माझं अख्खं पुस्तक ती एका दमात, न अडखळता म्हणत होती. दमून थांबली तेव्हा मी आपला चाचरत म्हटलं, "मा, काही झालं तरी… पुस्तक माझंच आहे गं."

तिनं चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "असेल रे खोका, पुस्तक तुझंच असेल. पण आई कुणाची उचलून आणलीस?"