गोदाक्काच्या खुर्चीचे आख्यान

श्रोते सज्जनहो, आज एकच प्रश्न पुढे ठेवतो. ज्याचं काम चोख झालं की ते कुणाला दिसतच नाही, त्या माणसाची गरज होती हे ठरवायचं कसं?

पोत्याची शिवण कोण बघतं? धान्य सांडलं की सगळे बघतात. शास्त्राची रीत सोपी आहे: एखादी गोष्ट आवश्यक आहे का, हे कळायला ती काढून बघायची. भाजीत मिठाचं काम काय, हे अळणी भाजी सांगते. माणसांवर हा प्रयोग करणं जरा क्रूर आहे. पण मंडळी, आपण तो रोज करतो! कुरुंदवाडच्या लोकांनीही केला. त्याची हकीकत ऐका.

कुरुंदवाडात कृष्णातीर नाट्यमंडळ नावाची एक हौशी संस्था. तिच्या प्रॉम्प्टर गोदाक्का मंगसुळे. प्रॉम्प्टर म्हणजे कोण? रंगमंचाच्या बाजूला आडोसा असतो, त्याला विंग म्हणतात. तिथं खुर्ची टाकून बसायचं आणि नटाचा शब्द अडला की हलकेच पुरवायचा. आक्कांनी हे काम एक्केचाळीस वर्षं केलं. एक्केचाळीस वर्षांत प्रेक्षकांनी त्यांचा आवाज एकदाही ऐकला नाही. यालाच त्या कामात यश म्हणतात.

हार वाहे जन । गंध घेई देव ।
दोऱ्याचे ते नाव । कोण पुसे ॥

तर मंडळाने यंदा एक जुनं ऐतिहासिक नाटक काढलं, ‘गडाची किल्ली’. तीन अंकी. साठ वर्षांत कुणी केलेलं नाही, छापलेलंही नाही. एकच हस्तलिखित वही, आक्कांच्या वडिलांच्या हातची, तीही निम्मी कसरीने खाल्लेली. मग नाटक मिळालं कुठून? आक्कांच्या तोंडून. वडील घरी मोठ्याने वाचत; मुलीने ते ऐकून पाठ केलं होतं. महिनाभर आक्का सांगत होत्या आणि दिग्दर्शक नरहरतात्या लॅपटॉपवर उतरवून घेत होते.

प्रयोग ठरला ऑनलाइन. नाट्यगृह गळतं म्हणून प्रेक्षकांना बंद. रंगमंचावर नट, समोर रिकाम्या खुर्च्या, मध्ये तिकाटण्यावर एक फोन. जग घरी बसून बघणार. फोनशेजारी स्टुलावर लॅपटॉप; त्यावर नटांसाठी संवाद मोठ्या अक्षरांत सरकत राहणार.

आणि तात्या आक्कांच्या घरी गेले.

“आक्का, राग मानू नका. पण लोकं कानात इयरफोन घालून बघणार. तुमची कुजबुज पार मस्कतला ऐकू जाईल. आणि तुमच्या डोळ्यांना आता दिसतंय तरी कुठं?”

“दिसत न्हाई, खरं हाय. पर ऐकू येतंय न्हवं?”

“यंदा यंत्रावरच सगळं येतंय की ओ.”

“आणि यंत्राला शब्द कुणी दिलं, तात्या?”

तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली. ते उठले. आक्का एवढंच म्हणाल्या, “माझी खुर्ची तेवढी विंगेतनं हलवू नका. मी नसले तर नसले.”

रविवारी दुपारी चार वाजता प्रयोग. आक्का घरी, भाचेसून सुनंदा फोन घेऊन शेजारी. नाट्यगृह दोन बोळ पलीकडे. तिसरी घंटा झाली, ती आक्कांनी खिडकीतून ऐकली. थोड्या वेळाने तीच घंटा फोनमधून आली.

“सुनंदे, तुझं हे यंत्र शिळं बोलतंय बघ.”

“शिळं कसं वो, आत्या? लाईव्ह लिवलंय की वर.”

“लिवलं असंल. घंटा मी मघाच ऐकली. वीस मोजून झाले, तवा हिनं वाजवली.”

बघा! डोळ्यांनी दिसत नाही, पण निरीक्षण केवढं! चित्र इतक्या लांबून फिरून येतं, त्याला तेवढा वेळ लागतो. हे वीस सेकंद लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहेत.

तिकडे घंटेच्या आधी काय झालं? या मंडळाची रीत अशी की नारळ रंगमंचाच्या पायरीवर फोडायचा आणि त्याचं पाणी प्रेक्षकांच्या दिशेने शिंपडायचं. इतकी वर्षं ‘इकडं शिंपड, तिकडं नको’ हे आक्का सांगायच्या. यंदा नारळ होता महावीर मगदूमच्या हातात. किल्लेदार रायाजीरावांचं मुख्य काम त्याचंच. त्याने विचारलं, “तात्या, पाणी कुणीकडं शिंपडू? म्होरं तर मोकळ्या खुर्च्या.”

“प्रेक्षक कुठं हाईत?”

“ह्या यंत्रांतच म्हणायचे.”

“मग शिंपड की!”

आणि त्या भाविक माणसाने प्रेक्षकांचा मान राखला. गळतीच्या भीतीने फोनवर प्लास्टिकची पिशवी होती, तो वाचला. लॅपटॉप उघडा होता.

नारळाच्या पाण्यात क्षार असतात. क्षाराच्या पाण्यातून वीज वाहते, आणि जिथं जाऊ नये तिथं जाते. देव कोपला नाही, ग्रह फिरले नाहीत. पाणी फटीतून सावकाश उतरत होतं. पहिला अंक निभावला. दुसऱ्या अंकात, शत्रूचा वकील गडाची किल्ली मागायला उभा असताना, लॅपटॉप काळा पडला.

वकील म्हणाला, “दार उघडा, रायाजीराव. इतिहासात आपलं नाव राहील.” महावीरने छाती पुढे काढली. “नाव राहावे म्हणून जो दार उघडतो...” आणि स्टुलाकडे पाहिलं.

अक्षर नाही.

शांतता. रिकाम्या नाट्यगृहातली शांतता कशी असते? कुणी खोकतसुद्धा नाही. तात्या विंगेत उभे, हातात वही नाही. समोर दोनशे चौदा घरं बघताहेत. तेवढ्यात त्यांच्या सदऱ्याच्या खिशात त्यांचा स्वतःचा फोन थरथरला.

हे कसं घडलं? आक्कांना फोनमधून शांतता ऐकू आली. त्या काय म्हणाल्या असतील? “भोगा आता”? तुम्ही-आम्ही म्हणालो असतो. एक्केचाळीस वर्षांची खुर्ची काढून घेतल्याला आठ दिवसही झाले नव्हते! त्या म्हणाल्या, “सुनंदे, ते बंद कर. ते वीस मोजून मागं हाय. म्हंजे पोरगं कवाच अडकलंय. तात्याला साधा फोन लाव. त्यात बोलणं ताजं येतंय.”

तात्यांनी फोन उचलला. पलीकडून नमस्कार नाही, चौकशी नाही, टोमणा नाही.

“फोन मोठ्यानं लाव आणि माझ्या खुर्चीवर ठेव. तिथनं आवाज बरोबर पोचतो.”

म्हणून ती खुर्ची हलवू नका म्हणाल्या होत्या का? नाही हो. त्यांना भविष्य दिसत नव्हतं. विंगेतली नेमकी जागा माहीत होती.

आणि रिकाम्या खुर्चीवरून तो हलका, कोरडा आवाज आला: “...तो किल्लेदार नव्हे. दाराला नाव नसते...”

महावीरच्या अंगात नाटक परत आलं. “तो किल्लेदार नव्हे! दाराला नाव नसते, वकीलसाहेब. ते मिटलेले असते एवढेच. म्हणून आतली माणसे निजू शकतात. जा, आपल्या धन्याला सांगा: गडावर नावे पुष्कळ आहेत. दार एकच आहे.”

दुसरा अंक पार पडला. तिसरा उभा राहिला. आक्का पुढे, नट मागे. डोळे मिटून, मांडीवर कसरीने खाल्लेली वही, हात तिच्यावर पालथा. अडल्यावर शब्द सांगणं हे अर्धं काम. अडण्याआधी सांगणं हे पूर्ण काम. नटाने श्वास कुठं घेतला यावरून त्यांना पुढची चूक कळत होती.

तात्यांची भीती मात्र खरी ठरली. आवाज मस्कतला पोचला! एका बघणाऱ्याने खाली लिहिलं, “तो आतला आवाज कुणाचा आहे?” दुसऱ्याने लिहिलं, “काय ठाऊक. पण थोडा मोठा करा.” ज्यानं त्यानं ओळखीच्यांना कळवलं, आणि दोनशे चौदा बघणारे शेवटच्या प्रवेशात नऊशेच्या वर गेले. किल्लेदार पडला, गड राहिला, पडदा आला.

पडद्यानंतर नट रांगेत उभे राहून वाकतात. महावीर वाकला नाही. तो विंगेत गेला, खुर्ची उचलली आणि फोनसकट रंगमंचाच्या मधोमध आणून ठेवली. मग सगळी कंपनी प्रेक्षकांकडे पाठ करून त्या खुर्चीपुढे वाकली. तात्या कॅमेऱ्याजवळ येऊन म्हणाले, “या गोदावरी मंगसुळे. शब्द यांचे होते. सुरुवातीला नाव घ्यायला मी चुकलो.” मग खुर्चीकडे वळून, “आक्का, पुढच्या प्रयोगाला हितं बसायचं. मी न्यायला येतो.”

खुर्चीवरून आवाज आला. “येते. आधी सांग, नारळाचं पाणी कुणीकडं शिंपडलंसा?”

“लॅपटॉपवर,” तात्यांनी कबूल केलं.

“वाटलंच मला,” आक्का म्हणाल्या, आणि नऊशे घरं एकदम हसली.

गावात म्हणू लागले, चमत्कार झाला. मंडळी, चमत्कार म्हणजे ज्याची तालीम आपण पाहिलेली नाही अशी गोष्ट. आक्कांची तालीम एक्केचाळीस वर्षं चालू होती. आपल्याला फक्त प्रयोग दिसला. प्रश्नाचं उत्तर मिळालं ना? काढून बघितलं, आणि गरज सिद्ध झाली. पण दर वेळी तो माणूस फोन करेलच, अशी खात्री कोणतंही शास्त्र देत नाही. म्हणून हा प्रयोग पुन्हा करायचा नाही. त्याचा निष्कर्ष तेवढा घरी न्यायचा.

आता आरती. या मंडपामागे चुलीपाशी एक बाई प्रसादाचा शिरा ढवळते आहे. सात दिवस ती इथंच आहे. सातही कीर्तनं तिने ऐकली, एकही पाहिलेलं नाही. तिचं नाव मला ठाऊक आहे. तुमच्यापैकी ज्यांना ठाऊक नसेल, त्यांनी उठून जावं, विचारावं, आणि तिला बरोबर घेऊन यावं.

मी थांबतो. पेटीवाले, सूर धरून ठेवा.