त्याला ऐकू आलं होतं

बंधूंनो, भगिनींनो, आणि पुढच्या रांगेत बसलेली माझी मानलेली बहीण तुळसा,

माझा धंदा पितळेच्या भांड्यांचा. तिरुनागेश्वरमच्या गल्ल्यांतून डोक्यावर टोपली घेऊन सुरुवात केली, तेव्हापासून हे तोंड कधी थांबलं नाही. आज मात्र माइकपाशी येईतो दोनदा परत खाली बसलो. सांभाळून घ्या. थांबत थांबत बोलेन, पण बोलेन.

तुळसाचा सेतुमाधव गेला. आधी कोळशाच्या खाणीत राबलेला, मग फौजेत शिरलेला, आणि आता सीमेवरच्या लढाईत बंकरचं छत कोसळून गेलेला, आपला सेतू.

माझे कान तिखट, हे सगळ्या कुंभकोणमला ठाऊक आहे. मघाशी बाहेर चपला काढताना दोघं बोलत होते. "गोळी लागली असती तर गोष्ट वेगळी. हा छताखाली सापडला. बिचाऱ्याला कळलंही नसेल." नावं सांगत नाही, घाबरू नका. पण बातमी आल्यापासून तुळसाही तेच विचारते आहे. रडत नाही, धड जेवत नाही. एकच विचारते. "अण्णा, माझ्या लेकराला ऐकू कसं आलं नाही?"

आईनं असं का विचारावं? सांगतो.

खाणीत पाळी सुरू होण्याआधी पहारीनं छत ठोकून बघतात. खणखणीत वाजलं तर कामाला लागायचं. बद्द वाजलं तर मागं फिरायचं. सेतू हे काम करायचा. आणि मी काय करतो? मी समई ठोकून बघतो. तडा असला की तीही बद्द वाजते. म्हणजे विद्या एकच! सुट्टीला आला की दुकानात आमची पैज. डोळे मिटायचे, भांडं वाजवायचं, हरेल त्यानं कॉफी पाजायची. जास्त वेळा मीच जिंकलो. तो म्हणायचा, "मामा, ही भांडी तुमच्या ओळखीची. एकदा माझ्या खाणीत या." मी म्हणायचो, "येतो की! आधी तिथं कॉफी बरी मिळते का ते बघ."

फौजेत निघाला तेव्हा तुळसा कडाडली, "भूमीच्या पोटातून सुखरूप वर आलास, आता तोफेपुढं कशाला?" तर म्हणतो कसा, "अम्मा, तिथंही खणायचंच आहे. डोक्यावर आभाळ तरी असेल." असं हसत बोलणाऱ्याला कोण अडवणार?

आता नीट ऐका. तिसऱ्या रांगेत काठी घेऊन बसलाय, तो बाळू. सेतूच्या तुकडीतला, साताऱ्याकडचा. त्या पायानं इतक्या लांब आला. तो सांगतो, सेतू आपली इकडे पिढ्यान्‌पिढ्या जपलेली जुनी मराठी बोलला की तुकडीतले म्हणायचे, "आली आमची पोथी!" काल बाळू उंबऱ्यात उभा राहिला, तुळसा म्हणाली, "ये बा, बैस. जेवलास काय?" आणि हा एवढा जवान रडायलाच लागला. तेच बोलणं, तोच सूर.

आईपुढं धीर झाला नाही, म्हणून मग रात्री त्यानं मला एकट्याला सांगितलं. तोफगोळा अगदी जवळ पडला. धूळ बसली. सगळ्यांना वाटलं, वाचलो. सेतूनं फावडं उचललं आणि दांड्यानं छत ठोकलं. पुन्हा ठोकलं. म्हणाला, "हें बद्द वाजतें. निघा." बाहेर गोळे पडत होते. कोण हलणार? तो ओरडला, "निघा म्हणतों!" तेव्हा निघाले. बाळूचा पाय फुटलेला, त्याला उठवेना. सेतू दारात पोचला होता. दारात, बरं का! तिथून परत आत गेला. बाळूला ओढत आणलं, बाहेर लोटलं, आणि छत खाली आलं.

तुळसा, त्याला ऐकू आलं होतं. सगळ्यांच्या आधी ऐकू आलं होतं. ऐकलं, आणि तरी परत आत गेला.

चपलांपाशी बोलणाऱ्यांनो, तुम्हांलाही ऐकू आलं ना?

ही घंटा बघा. मागच्या सुट्टीत सेतूनं वाजवली, डोळे मिटून ऐकली आणि म्हणाला, "मामा, ही विकू नका." नाही विकली.

आज श्रद्धांजलीला घड्याळ लावून दोन मिनिटं उभं राहायचं नाही. मी ही एकदाच वाजवतो. ज्याला जोवर नाद ऐकू येईल, त्यानं तोवर उभं राहायचं, मग आवाज न करता खाली बसायचं.

तुळसा, तू बसूनच राहा. तुला तो सगळ्यांत शेवटपर्यंत ऐकू येणार आहे.

उठा.