तक्रार बंद कोणी करायची?

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा, आपल्या सन्माननीय नगराध्यक्षा. व्यासपीठावरचे मुख्य अभियंता साहेब आणि नगरसेवक मंडळी. माझ्या तक्रार विभागातल्या ताई, दादा आणि शिपाईमामा. आणि चहा होईपर्यंत का होईना, थांबलेल्या सर्व बंधू-भगिनींनो,

माझ्याबद्दल मघापासून इतकं चांगलं बोललं गेलं की मधेच मला शंका आली, मी गेलोच की काय! निरोप समारंभात आणि शोकसभेत फरक एवढाच, की इथे माणसाला उत्तर द्यावं लागतं. घड्याळ सुंदर आहे. उद्यापासून ज्याला कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ द्यायचं, ही आपली जुनी रीत. मीही कितीतरी जणांना दिलंय.

साहेब म्हणाले, दुरुस्तीनंतर नागरिकाला फोन करून विचारायचं, हा नियम म्हणजे माझी देणगी. साहेब, श्रेय चुकीच्या पत्त्यावर गेलं. तुम्ही नुकतेच बदलून आलात, तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. पूर्वी इथे तक्रार कोण बंद करायचं? ज्याने दुरुस्ती केली तोच. गळती थांबली असं फिटरने लिहायचं, आणि पाणी आपलं वाहतंच आहे! कागदावर आमचं काम इतकं चोख, की विभागाला ढाल मिळाली. मी ती मिरवत घरी नेली. बायको स्वयंपाक करत होती. तिने मान वर न करताच विचारलं, "अहो, जेवण चांगलं झालंय हे रांधणारीने सांगायचं की जेवणाऱ्याने?"

झालं. त्या एका वाक्यावर मी प्रस्ताव लिहिला. सभेत काय गदारोळ उठला होता, आठवतंय ना? आपले एक ज्येष्ठ नगरसेवक, ज्यांना आम्ही प्रेमाने 'हरकतकाका' म्हणतो, टेबलावर हात आपटून म्हणाले, "लोक मुद्दाम नाही म्हणतील! बसा मग जन्मभर फोन करत!" हसताय काय काका, म्हणालाच होतात. तरी नियम मंजूर झाला. दुरुस्ती झाली की फोन करायचा, आधी तक्रारदार आहेत का विचारायचं, नसतील तर घरच्या माणसाला, आणि समोरून होकार आल्याशिवाय तक्रार बंद करायची नाही. लोकांनी मुद्दाम अडवलं का? छे हो! उलट लोकच ओशाळून "राहू द्या, चालेल" म्हणायचे. चालेल म्हणजे झालं नव्हे, हे ताईंना त्या लोकांना समजावून सांगावं लागायचं.

आता पुढच्या सभेत नवा प्रस्ताव येतोय. कामगाराने दुरुस्तीचा फोटो पाठवला की यंत्रणा आपोआप तक्रार बंद करणार, फोन वगैरे काही नाही. नव्याला नावं ठेवणारा मी नव्हे. पण साहेबांनी प्रस्तावात एक उदाहरण दिलंय. रस्त्यावरचा एक दिवा. केव्हाच दुरुस्त झाला, रोज संध्याकाळी लागतो, साहेब स्वतः पाहून आले. तरी आठवड्याच्या आठवड्याला फोन केला की त्या घरचा माणूस म्हणतो, "अजून नाही." एका आडमुठ्या माणसापायी नियम कसा लंगडा पडतो, याचा नमुना म्हणून ते उदाहरण दिलंय. साहेब, तुमचं म्हणणं बरोबर आहे.

तो आडमुठा माणूस मी.

दिवा आमच्या दारासमोरचा आणि तक्रार बायकोची. मी म्हटलं होतं, वायरमनला सांगतो की. तर म्हणाली, "तुम्ही सांगितलंत तर तो वशिला. मी आपली रांगेतून जाईन." रीतसर नंबर आला आणि दिवा लागला. तो पाहायला ती राहिली नाही. आजारपण असं काही झालंच नाही, हां हां म्हणता सगळं संपलं. तुमच्यातले बरेच जण घरी येऊन गेलात.

तेव्हापासून मला काही वाटत नाही. लोक विचारतात, कसे आहात? मी म्हणतो, बरा आहे, आणि ते खोटंही नसतं. रडू येत नाही. भूक लागली तरी कळत नाही. माझी बहीण बायकोचं कपाट रिकामं करत होती, तेव्हा मी नुसता कपाटाचं दार धरून उभा होतो. फक्त आठवड्यातून एकदा बायकोचा मोबाईल वाजतो. पलीकडे आपल्या विभागातल्या ताई. त्यांना सगळं ठाऊक आहे, पण आधी तक्रारदाराला विचारायचं हे मीच त्यांच्याकडून घोटून घेतलंय. म्हणून त्या विचारतात, "काकू आहेत का?"

तिला विचारणारं आता दुसरं कोणी नाही. मी 'झालं' म्हटलं असतं, तर तेही थांबलं असतं. म्हणून "अजून नाही" म्हणत राहिलो.

पण माझ्या त्या उत्तरावर बोट ठेवून तिचाच नियम मोडीत निघणार असेल, तर ती मला माफ करेल का? उद्या एखादी बाई अशीच रांगेतून जाईल, आणि तिला कोणी विचारणारच नाही. ताई, कुठे बसलात? उठू नका, तिथूनच ऐका. दिवा लागतो. तक्रारदार नाहीत. घरचा माणूस सांगतोय, तक्रार बंद करा.

अध्यक्षा महोदया, प्रस्तावातलं ते उदाहरण आता उरलं नाही. यंत्र आणा, फोटो काढा, सगळं करा. फक्त माणसाला विचारणं बंद करू नका, एवढंच मागणं आहे.

आपण सगळ्यांनी आजवर मला सांभाळून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. सत्काराच्या जागी घरचं गाऱ्हाणं मांडलं, काकांची थट्टा केली, साहेबांना सगळ्यांसमोर अडचणीत आणलं. उणंअधिक बोललो असेन ते पोटात घाला. आणि ताई, पुढच्या आठवड्यात सवयीने तो नंबर लावायला जाल. नका लावू.